चाळायचं किती, वाचायचं किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘दिवसभर फोनवर आणि कॉम्प्युटरवर काही ना काही वाचत असतो. दोन-चार ओळी झाल्या की नजर पुढे सरकते. आवडलेले लेख नंतर वाचू म्हणून सेव्ह करतो, ते आता शेकड्यांनी साठलेत. एखादा विषय समजून घ्यायला बसलो की टॅबवर टॅब उघडतात आणि तासाभरानं कुणी विचारलं तर धड काही सांगता येत नाही. माझा एक मित्र एकच पुस्तक घेऊन बसतो. त्याच्या मते ऑनलाइन वाचणं हे वाचणंच नव्हे. माझी सवय वाईट आहे का? आणि माहिती गोळा करायची नीट पद्धत कोणती?’

सवय वाईट नाही. तुम्ही दोन वेगळी कामं एकाच वेळी, एकाच वेगानं करताय, त्रास त्याचा आहे. एखादा मजकूर आपल्या उपयोगाचा आहे की नाही हे ठरवणं हे एक काम. त्याला चाळणं म्हणू. उपयोगाचा ठरलेला मजकूर समजून घेणं हे दुसरं काम. ते वाचणं. चाळताना वेग लागतो आणि बेधडक सोडून देण्याची तयारी लागते. वाचताना थांबायला, मागे जायला, एकच परिच्छेद पुन्हा घ्यायला सवड लागते. तुम्ही चाळता, पण सोडून देत नाही, सेव्ह करता. आणि वाचायला बसता तेव्हाही नजर चाळण्याच्याच वेगानं धावते. त्यामुळे दोन्ही कामं अर्धवट राहतात.

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. लोकांनी आणलेल्या प्रश्नाला नेमका मजकूर शोधून देणं आणि ज्यांना स्वतः शोधायचंय त्यांना शोधायला शिकवणं हे माझं काम. तिथे जे पाहिलं आणि या विषयावरच्या संशोधनातून जे पटलं, ते सांगतो.

आधी तुमच्या मित्राच्या तक्रारीबद्दल. लोक पडद्यावर चाळतात हे काही फोनमुळे सुरू झालेलं नाही. लोक संकेतस्थळं कशी वापरतात याचा अभ्यास करणारे याकोब निल्सन यांनी १९९७ साली केलेल्या चाचणीत ७९ टक्के लोक नवं वेबपान चाळत होते, शब्द न् शब्द वाचणारे फक्त १६ टक्के होते. आजचे स्मार्टफोन आणि सोशल मीडिया यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे २००६ साली त्यांच्याच संस्थेनं २३२ लोकांच्या नजरेचा माग काढला. वरच्या ओळी बऱ्यापैकी पूर्ण, मग त्याखाली थोडी आडवी नजर, आणि त्यानंतर डाव्या कडेनं सरळ खाली, असा आकार दिसला. इंग्रजी एफ अक्षरासारखा. म्हणजे पानाच्या खालच्या भागातल्या ओळींची सुरुवात दिसते, उजवी बाजू बहुतेक सुटते.

मराठी वाचणाऱ्यानं इथे जास्त जपायला हवं. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच. ‘या औषधानं रक्तदाब कायमचा बरा होतो याला कोणताही पुरावा मिळालेला नाही’ हे वाक्य घ्या. डावीकडूनच नजर फिरवणाऱ्याच्या हाती ‘या औषधानं रक्तदाब कायमचा बरा होतो’ एवढंच लागतं. लेखात स्पष्ट लिहिलंय असं ठामपणे सांगणारी माणसं मला वरचेवर भेटतात. लेख उघडून पाहिला की त्याच वाक्याच्या टोकाला ‘असं नाही’, ‘असं मानलं जात होतं’, ‘असा दावा कंपनीनं केला आहे’ असं काहीतरी असतं. म्हणून मराठी मजकूर चाळताना मी लोकांना वाक्याच्या सुरुवातीपेक्षा शेवटावर नजर टेकवायला सांगतो. पूर्णविरामाच्या आधीचे दोन-तीन शब्द पाहत खाली गेलं तरी लेख कुठल्या बाजूला झुकतोय ते पुष्कळ कळतं. ‘मात्र’, ‘परंतु’, ‘वगळता’, ‘काही प्रकरणांत’ हे शब्द दिसले की तिथे चाळणं थांबवून ते वाक्य पूर्ण वाचायचं. एवढी सवय लागली तरी चुकीच्या समजुती बऱ्याच कमी होतात.

एका पानावरून दुसऱ्या पानावर उड्या मारण्याचं वाईट वाटून घेऊ नका. पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात याची मांडणी केली. प्राणी अन्न शोधताना एका जागी किती वेळ थांबायचं आणि पुढची जागा कधी धरायची याचा हिशेब करतात. माणूस माहिती शोधताना तसंच वागतो, असं त्यांचं म्हणणं. दुव्याच्या शब्दांवरून, मथळ्यावरून, छोट्या चित्रावरून आत काय असेल याचा ‘गंध’ येतो आणि आपण त्यामागे जातो. पुढची जागा जितकी जवळ, तितकं आहे ती जागा लवकर सोडणं फायद्याचं. ऑनलाइन पुढचं पान बोटभर अंतरावर असतं, म्हणून आपण लवकर उठतो. हा हिशेब एखादी तारीख, पत्ता, सूत्र किंवा आज्ञावली शोधताना अगदी बरोबर ठरतो. समजून घेण्याच्या कामात मात्र तो फसतो, कारण तिथे पहिली पाच मिनिटं हाती काहीच लागत नाही आणि दहाव्या मिनिटाला सगळं जुळायला लागतं. उठून जाणाऱ्याला ते दहावं मिनिट मिळतच नाही. भडक मथळे लिहिणारेही याच गंधावर जगतात. गंध तीव्र, आत पोकळ.

आता पद्धतीकडे येऊ. माझा सगळ्यात मोठा आग्रह शोधायला बसण्याआधीच्या पायरीबद्दल आहे, आणि लोक नेमकी तीच गाळतात.

संदर्भ विभागात आलेला माणूस पहिल्यांदा जो प्रश्न विचारतो तो बहुतेक वेळा त्याचा खरा प्रश्न नसतो. ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली याबद्दल फार चांगलं लिहिलं. त्यांनी प्रश्नाच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी नुसती अस्वस्थता असते, शब्द नसतात. मग मनाशी धूसर वर्णन तयार होतं. मग नीट मांडता येईल असा प्रश्न. आणि शेवटी माणूस तो प्रश्न समोरच्या व्यवस्थेला झेपेल असा कापून-छाटून विचारतो. ग्रंथपालासमोर आलेला माणूस म्हणतो, ‘मधुमेहावरची पुस्तकं कुठे आहेत?’ थोडं बोलल्यावर कळतं, आईला नवीन औषध सुरू झालंय, तिला चक्कर येते, ती औषधामुळे येते की आणखी कशामुळे हे त्याला हवंय. मधुमेहाच्या कपाटापाशी त्याला दोन तास बसवलं असतं तरी हे हाती लागलं नसतं.

सर्चच्या चौकटीत आपण हा छाटलेला प्रश्नच टाकतो, आणि तिथे उलटा प्रश्न विचारायला कुणी बसलेलं नसतं. म्हणून ते काम स्वतः करायचं. शोधायच्या आधी कागदावर दोन ओळी लिहायच्या: मला नेमकं काय कळायला हवंय, आणि ते कळल्यावर मी काय करणार आहे? दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. ‘सौरऊर्जेबद्दल माहिती हवी’ याला अंत नाही. ‘घराच्या छतावर पॅनेल बसवायचे की नाही हे महिनाअखेर ठरवायचंय’ असं लिहिलं की काय वाचायचं आणि काय सोडायचं ते लगेच दिसायला लागतं. तुमचे टॅबवर टॅब उघडतात त्याचं मूळ मला इथे दिसतं. प्रश्न लिहिलेला नसला की प्रत्येक टॅब उपयोगाचाच वाटतो.

प्रश्न लिहिला म्हणजे तो पक्का झाला असंही नाही. त्याच क्षेत्रातल्या मार्शा बेट्स यांनी १९८९ साली दाखवून दिलं की खऱ्या शोधात प्रश्न वाटेत बदलत जातो. एक तुकडा इथे मिळतो, त्यातून नवा शब्द कळतो, त्या शब्दानं दुसरीकडे जावं लागतं. झुडपाझुडपांवरून थोडी थोडी फळं वेचत जावं तसं हे काम असतं, असं त्यांनी म्हटलं. तेव्हा पहिल्या शोधाला पूर्ण उत्तर मिळालं नाही म्हणून निराश होऊ नका. पहिल्या शोधातून नवे शब्द मिळवायचे. सामान्य माणूस ‘कमरेतून पायात कळ’ लिहितो, डॉक्टर त्याच दुखण्याला ‘सायटिका’ म्हणतो. जाणकारांचा शब्द सापडला की पुढचा शोध एकदम वेगळ्या, बऱ्या मजकुरापर्यंत नेतो. मराठी, हिंदी, इंग्रजी जमेल तितक्या भाषांत शोधा, कारण तोच विषय तिन्हींत वेगळी माणसं वेगळ्या गरजेनं लिहितात.

अनोळखी विषयात थेट बारीक शोध घ्यायला जाऊ नका. आधी एखादं पाठ्यपुस्तकाचं प्रकरण किंवा विश्वकोशातली नोंद सावकाश, पूर्ण वाचा. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा ते वर्णन जास्त चांगलं समजली. आकलनाचा मोठा भाग आपण सोबत काय घेऊन आलोय यावर अवलंबून असतो. आधी पाया नसेल तर वीस लेख चाळूनही वीस सुटे तुकडे हातात राहतात. या पायासाठी विकिपीडिया वापरायला काहीच हरकत नाही. लेखाखालची संदर्भसूची, लेखाचा इतिहास आणि चर्चापान मात्र जरूर उघडा. एखाद्या मुद्द्यावर जाणकारांत वाद कुठे आहे हे चर्चापानावर जितकं लवकर कळतं तितकं मुख्य लेखात कळत नाही.

शोधताना थोडी हत्यारं हाताशी असू द्या. नेमकं वाक्य हवं असेल तर ते अवतरणचिन्हांत टाका. नको त्या अर्थाचे निकाल येत असतील तर त्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावा. एकाच संकेतस्थळात शोधायचं तर इंग्रजी अक्षरांत ‘साइट’, पुढे कोलन (site:) आणि जागा न सोडता त्या स्थळाचा पत्ता. अहवाल हवे असतील तर फाइलचा प्रकार पीडीएफ असा मर्यादित करता येतो. सर्च इंजिनाचं तारखेचं बंधन तर बहुतेक लोक वापरतच नाहीत, आणि नियम, दर, औषधं अशा विषयांत तेच सगळ्यात जास्त कामाला येतं.

विश्वास कुणावर ठेवायचा, हा पुढचा भाग. इथे पुस्तकात रमणाऱ्या तुमच्या मित्राची सवय उलट अडचणीची ठरते, आणि तुमची टॅब उघडण्याची खोड उपयोगी पडते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. त्यात १० इतिहासाचे अभ्यासक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ पदवीचे विद्यार्थी होते. २०१७ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांची पानं होती. एक १९३० पासूनची, हजारो डॉक्टर सभासद असलेली मुख्य संघटना. दुसरी २००२ साली वेगळा झालेला छोटा गट. नावं जवळजवळ सारखी, दोन्हींची पानं नीटनेटकी. अभ्यासकांनी आणि विद्यार्थ्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मांडणी पाहिली, संदर्भ पाहिले, ‘आमच्याविषयी’ वाचलं. बहुसंख्य विद्यार्थ्यांना छोट्या गटाचं पानच जास्त भरवशाचं वाटलं. इतिहासकारही गोंधळले. तथ्यतपासनीस मात्र पान उघडल्या उघडल्या त्यातून बाहेर पडले. त्यांनी नवे टॅब उघडून त्या संघटनेबद्दल इतर कोण काय म्हणतंय ते पाहिलं, आणि थोड्याच वेळात दोन्हींतला फरक त्यांच्या लक्षात आला.

या पद्धतीला आडवं वाचन म्हणतात. अनोळखी पानावर जितका जास्त वेळ घालवाल तितके तुम्ही त्या पानाच्या मालकाच्या म्हणण्यात अडकत जाता. स्वतःची ओळख कुणी वाईट करून देत नाही. म्हणून आधी बाहेर, मग आत. संस्थेचं किंवा लेखकाचं नाव नव्या टॅबमध्ये टाकायचं, त्यांचं स्वतःचं संकेतस्थळ वजा करायचं आणि उरलेल्यांचं म्हणणं पाहायचं. पैसा कुठून येतो, वाद झाले आहेत का, त्या क्षेत्रातली जुनी संस्था त्यांना मानते का. या तपासणीला फार वेळ लागत नाही. त्या अभ्यासातून आणखी एक सवय घेण्यासारखी आहे. तथ्यतपासनीस शोधनिकालांतल्या पहिल्या दुव्यावर झडप घालत नव्हते. ते निकालांचं अख्खं पान आधी पाहत. कुठली स्थळं आलीत, मजकुराच्या दोन ओळी काय म्हणतात, हे बघून मगच क्लिक करत. ही थांबण्याची सवय मी शिकवायला घेतो तेव्हा लोकांना सुरुवातीला जड जाते, पण टॅबची गर्दी तिनं जितकी आटोक्यात येते तितकी दुसऱ्या कशानं येत नाही.

मुळापर्यंत जाणं हा याचाच पुढचा टप्पा. ‘एका अभ्यासात आढळलं’ असं वाचलं की तो अभ्यास शोधायचा. प्रयोग माणसांवर होता की उंदरांवर, किती जणांवर, आणि पुढे त्याचं काय झालं? लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा लेख १९९८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला, तो अवघ्या १२ मुलांवरचा होता. २०१० साली त्या नियतकालिकानं तो मागे घेतला. तरी त्याचा हवाला देणारा मजकूर अजून फिरतोच आहे. शोधनिबंधाच्या नावासोबत ‘मागे घेतला’ या अर्थाचा इंग्रजी शब्द (retracted) टाकून शोधलं तर असं लगेच उघड होतं.

दहा ठिकाणी तेच दिसलं म्हणजे दहा पुरावे झाले, असं समजू नका. एका वृत्तसंस्थेची बातमी दहा जणांनी उचललेली असते, कित्येकदा स्वल्पविरामासकट. मजकुरातलं एक वेगळं वाटणारं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. सगळीकडे तेच वाक्य सापडलं तर तो पुरावा एकच आहे. थांबायचं कधी, हेही यावरूनच ठरतं. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार स्रोत तेच सांगायला लागले आणि नव्या पानावर नवीन काही मिळेनासं झालं, की शोध पुरे.

नुसते मथळे वाचून मत बनवणाऱ्यांबद्दल जास्त लिहीत नाही. २०१६ साली ट्विटरवर शेअर झालेल्या बातम्यांच्या दुव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ५९ टक्के दुव्यांवर कुणी एकदाही क्लिक केलेलं नव्हतं. पुढे ढकलण्याआधी लेख उघडावा, एवढंच सांगणं आहे.

आता लक्षात न राहण्याची तक्रार. २०११ साली मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग मांडले. टाइप केलेली माहिती कॉम्प्युटरमध्ये जपून राहणार आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांना ती स्वतःला कमी आठवली. ती कुठे ठेवली आहे हे मात्र बरं आठवलं. त्या लेखातल्या पहिल्या प्रयोगाचा निकाल पुढे इतरांना पुन्हा मिळाला नाही, म्हणून मी यावर फार मोठी इमारत उभी करत नाही. पण सेव्हचं बटण दाबताना मनाला ‘झालं, आलं आपल्याकडे’ असं वाटतं, हे मी लोकांत सतत पाहतो. लेख फोनमध्ये येतो, डोक्यात यायचा राहतो.

यावरचा उपाय जुना आहे आणि चांगला तपासलेला आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला. तेव्हा तुम्हाला कामाचा वाटलेला लेख वाचून झाला की टॅब बंद करा, आणि बंद केल्यावर त्यात काय होतं ते तीन वाक्यांत लिहा. अडलात तर पुन्हा उघडून पाहा. पहिले काही दिवस आपल्याला किती कमी समजलंय हे दिसून जीव खट्टू होतो. त्यानंतर वाचण्याची रीत आपोआप बदलते, कारण लिहायचंय हे मनाला ठाऊक असतं.

टिपण कसं ठेवायचं हे ज्याच्या त्याच्या हाताला बसेल तसं. वही, फाइल, ॲप, काहीही चालेल. फक्त प्रत्येक टिपणात चार गोष्टी असू द्या: कोणत्या प्रश्नासाठी, स्वतःच्या शब्दांत मुद्दा, तो कुणी आणि कधी मांडला, आणि दुवा. मूळ लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर अवतरणचिन्हं न चुकता द्या. सहा महिन्यांनी आपले शब्द कुठले आणि त्याचे कुठले हे ओळखता येत नाही, आणि उचलेगिरीची कितीतरी प्रकरणं या विसरण्यातूनच होतात.

नुसत्या दुव्यावर विसंबू नका. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उघडत नव्हती, असं प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधनसंस्थेनं दाखवलं आहे. महत्त्वाचं पान पीडीएफ करून ठेवा, किंवा इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची प्रत जतन करा. ही संस्था १९९६ पासून वेबपानं साठवते आहे, आणि मेलेला दुवा तिथे टाकून पाहिला तर जुनी प्रत पुष्कळदा सापडते. मी यासाठी त्या माणसांचा फार ऋणी आहे. त्यांच्यामुळे कितीतरी लोकांना हवं ते मिळवून देता आलं.

कागद की पडदा, यावर भांडण नको. देल्गादो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक होते. कागदावर आकलन थोडं बरं निघालं, पण माहितीपर मजकुरात. गोष्टींच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. वेळेचं बंधन असलं की फरक वाढत होता. माझा सल्ला इतकाच की चाळणं पडद्यावर करा. ज्या दोन-तीन लेखांवर तुमचा निर्णय उभा राहणार आहे ते छापून घ्या, किंवा ब्राउझरच्या रीडर मोडमध्ये (त्यात जाहिराती वगैरे जाऊन नुसता मजकूर राहतो), सूचना बंद करून, घड्याळाकडे न पाहता वाचा. तुमच्या मित्राचं म्हणणं या दोन-तीन लेखांपुरतं अगदी बरोबर आहे.

एआयनं तयार केलेली उत्तरं आता शोधनिकालांच्या वरच येतात, तेव्हा त्यांच्याबद्दलही सांगायला हवं. अनोळखी विषयातले शब्द, उपविषय, वादाचे मुद्दे यांची पहिली यादी मिळवायला ती मला उपयोगी वाटतात. पण ही साधनं कधी कधी अस्तित्वातच नसलेले संदर्भ देतात. न छापलेल्या लेखाचं नाव घेऊन लोक संदर्भ विभागात येतात आणि तो लेख कुठल्याच सूचीत सापडत नाही. दिलेला दुवा उघडा, तो खरा आहे का आणि त्या पानावर खरंच तसं लिहिलंय का, हे दोन्ही पाहा. दुवा खरा आणि मजकूर भलताच, हा प्रकार जास्त फसवतो. शिवाय सारांशात अटी आणि अपवाद आधी गळतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे अर्थ बऱ्याचदा त्यांच्यातच असतो.

रोज नवं काय आलं हे पाहण्यासाठी सोशल मीडियाच्या फीडवर अवलंबून राहू नका. आवडत्या लेखकांच्या, नियतकालिकांच्या आरएसएस फीड, म्हणजे त्यांच्या स्थळावर आलेल्या नव्या मजकुराच्या आपोआप मिळणाऱ्या याद्या, त्या वाचायच्या एखाद्या ॲपमध्ये जमवा. गूगल रीडर हे असंच एक लोकप्रिय साधन २०१३ साली बंद झालं, पण आरएसएस जिवंत आहे आणि बऱ्याच चांगल्या स्थळांवर मिळतं. त्यात तुम्ही निवडलेलंच येतं, ते काळाच्या क्रमानं येतं आणि ते संपतं. दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी चाळा, कामाचं असेल ते बाजूला काढा, उरलेलं वाचलं म्हणून खूण करून टाका.

राहिले तुमचे शेकडो सेव्ह केलेले लेख. ते एकेक उघडून निकाली काढायला बसू नका, तो वेळ वाया जाईल. सगळे एकदम एका जुन्या फोल्डरमध्ये हलवा आणि त्याला आजची तारीख द्या. पुढे कुठल्याही विषयावर प्रश्न लिहिलात की बाहेर शोधण्याआधी त्या फोल्डरमध्ये शोधशब्द टाकून पाहा. जे निघेल ते तेव्हा वाचा, कारण तेव्हा त्याला प्रश्न मिळालेला असेल. नव्यानं काही सेव्ह करावंसं वाटलं तर सोबत एक ओळ लिहा, हे कशासाठी हवंय. ओळ सुचली नाही तर टॅब बंद करा.